घोडीचा बेंदूर

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेळी बघायला म्हणून लोणंदच्या बाजाराला जावं आणि टेम्पोतून घोडी उतरवावी, हे आमच्या घराला शोभणारंच होतं. घरात आधीच एक रिकामटेकडी होती, ती मी. स्पर्धा परीक्षांत चार वर्षं घालवून नुकतीच पुण्याहून परत आले होते. त्यात ही दुसरी.

वरातीची घोडी ती. पाय अधू झाल्यावर मालकानं तिला रस्त्याकडेच्या बाभळीला बांधलं आणि तिचं नावच टाकलं. फासळ्या वर आलेल्या, पाठीवर खोगिराच्या जखमा, आणि शेपटीच्या टोकाला अजून कुठल्याशा लग्नातला गुलाबी रंग. तो रंग बघून मला भडभडून आलं. पण बोलले वेगळंच. म्हटलं, उसाला पाणी पाजायला माणूस मिळत नाही आणि हे काय घेऊन आलात?

आबा फौजेत खेचरांच्या तुकडीत होते. त्यांची उमर जनावरांबरोबर डोंगर चढण्यात गेली. त्यांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही. "उपाशी हाय म्हनून भसाभसा घालायचं न्हाई," एवढंच म्हणाले. "बैल रवंथ करतोय. घोड्याला ती सोय न्हाई, आन् त्याला वकता बी येत न्हाई. पोटात गेलं ते गेलं."

मग दिवसातून सहा वेळा मूठ-मूठ वाळलं गवत, भिजवलेला कोंडा, जखमांना हळद-तेल. चैत्र-वैशाख असा गेला. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी कुरकुरत खरारा करायचे, आणि ती माझ्या खांद्यावर मान टाकून उभी राहायची. चार वर्षांत माझ्यावर इतका भरवसा कुणी टाकला नव्हता. खरं सांगायचं तर तिच्यामुळं मी सकाळी वेळेवर उठायला लागले.

एक गोष्ट मात्र बघवायची नाही. गावातून वरात निघाली, हलगी वाजली, की ती आहे तिथं पाय उचलून नाचायला लागायची. अधू पायसुद्धा उचलायची. मारून शिकवलेलं नाचणं ते. हलगी थांबेपर्यंत आबा तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे.

आषाढात बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, आला. ट्रॅक्टर आल्यापासून आमच्या गोठ्यात बैल नव्हते. आई पाटावर मातीचे बैल मांडायची, त्यांच्यापुढं नैवेद्य ठेवायची आणि दिवसभर तोंड पाडून बसायची. यंदा गोठ्यात जित्राब होतं. आबा पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेले होते. आईनं घोडीला हळद-कुंकू लावलं आणि पुरणपोळी घातली. बेंदराला दावणीचं जनावर पोटभर जेवलं पाहिजे, ही आमची रीत.

आईनं एकच घातली. पुढच्या मी घातल्या. ती माझ्या तळहातावरून इतक्या अलगद उचलत होती, की पोळ्यांची बुट्टी कधी रिकामी झाली ते कळलंच नाही. आबांचं बोलणं मला पाठ होतं. पण तीन महिने मूठ-मूठ घालताना माझा जीव तुटला होता. म्हटलं, एक दिवस तरी तिचं पोट भरू दे.

दुपारी वेशीत बैल जमले आणि हलगी सुरू झाली. घोडी पाय आपटायला लागली. "बघ, तिला बी सण कळला," आई म्हणाली. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. हलगी थांबली, तरी ती पाय आपटतच होती. मग मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघायला लागली. तेव्हा मला कळलं, तिचं पोट दुखतंय. डॉक्टरला फोन करायला हवा होता. पण मग आबांना सगळं सांगावं लागलं असतं. थोड्या वेळानं बरं वाटेल, असं म्हणत मी बसून राहिले.

पाचाच्या सुमारास आबा आले. पिशवी दारातच टाकून तिच्याजवळ गेले, कान चाचपले, पोटाला कान लावला.

"कवापास्नं पाय आपटतीया?"

"आत्ताच, आबा," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"मग वाचंल," आबा म्हणाले.

डॉक्टर आले, त्यांनाही आबांनी तेच सांगितलं. त्यांनी नळीनं तेल पाजलं, इंजेक्शनं दिली. लोळू द्यायचं नाही म्हणून आबा म्होरकी धरून तिला अंगणात फिरवत राहिले, आणि ती अधू पायानं त्यांच्यामागं चालत राहिली. दिवस मावळायच्या आत ती बसली, ती पुन्हा उठली नाही. रिकामी बुट्टी आबांना दिसलीच होती. सणाला हात सुटतो, एवढंच म्हणाले, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तिला बांधाला पुरलं, त्याला आता दोन बेंदूर झाले. तो व्हिडिओ अजून माझ्याकडं आहे. त्यावर वेळ आहे, दोन वाजून दहा मिनिटं. मला तो पुसवत नाही आणि कुणाला दाखवताही येत नाही.

कुणी घोडीचा विषय काढला, की आबा फौजेतली खेचरं आठवतात आणि म्हणतात, "लय पोटशूळ बघितलं, पन असं घटकाभरात जनावर गेल्यालं म्या कवा बघितलं न्हाई."

आई उठून आत जाते. मी मान डोलावते.