आत्येसासूबाईंचं वेळापत्रक

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत माझ्या आत्येसासूबाईंना उशीर झालेला पाहिलेला माणूस सापडायचा नाही. सापडलाच तरी तो उघडपणे बोलणार नाही. कारण इथल्या निम्म्या लोकांची नाळ त्यांनीच कापलेली आहे आणि कोण पायाळू जन्मला, कोण जन्मताच रडला, कोण पाठीत धपाटा खाऊन रडला, हे त्या चारचौघांत, तारखेनिशी सांगू शकतात. पोलादपूरच्या डोंगरात बत्तीस वर्षं त्यांनी नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर महाडला, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत त्या राहायला आल्या. बायकोची सख्खी आत्या शेजारी येणार म्हणून मी आधी खूश झालो होतो. पहिल्याच सकाळी सहाला तीन कमी असताना दारावर टकटक झाली. दारात आत्या. म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या घरातलं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. भिंतीतून टोले ऐकू आले."

त्यांच्याकडे तीन घड्याळं असत. एक मनगटावर, एक नर्सचं म्हणून पदराला उलटं टाचलेलं, आणि एक गजराचं, पिशवीत. तिन्ही एकमेकांवर लक्ष ठेवायला. मार्चमध्ये तळ्यावर माणसांचा महापूर लोटतो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाण्याचे माठ आणि मलमपट्टीची पेटी घेऊन त्या दिवसभर बसत, आणि लांबून चालत आलेल्या म्हाताऱ्यांना "अर्धा तास पाय वर करून बसा, अर्धा म्हणजे अर्धा" असं दटावून बसवत. बँकेचे साहेब त्या आत शिरल्या की खुर्चीतून उठून उभे राहत. कारण एकदा गिऱ्हाइकांनी भरलेल्या हॉलमध्ये त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या, "याला मी सव्वादोन किलोचा हातात घेतला होता. आता बघा!" पण खरी कमाल केली ती माझ्या मेव्हणीच्या लग्नात. पत्रिकेवर मुहूर्त होता बारा वाजून तेवीस मिनिटांचा. बारा तेवीसला नवरी अजून केसांत फुलं माळून घेत होती आणि नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळाशी नाचत होती. आत्यांनी पदराचं घड्याळ पाहिलं, रिकाम्या बोहल्यावर अक्षता टाकल्या, दोन्ही हात जोडले आणि सरळ पंगतीत जाऊन बसल्या. "माझ्यापुरतं लग्न लागलं," म्हणाल्या. वाढप्याची वाढायची की थांबायची अशी पंचाईत झाली. शेवटी त्याने वाढलं.

अशा बाईशी माझी खरी गाठ पडली ती नव्या शाळेच्या वेळी. पोलादपूरकडच्या कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, चार वाड्यांसाठी मिळून एक नवी प्राथमिक शाळा बांधून झाली होती आणि मुख्याध्यापक म्हणून माझी नेमणूक झाली होती. खालच्या दोन वाड्यांची मुलं चालत येणार होती. मधली वाडी आणि अगदी माथ्यावरची वरचीवाडी यांच्यासाठी एक जीप ठरली होती. मी चार रात्री जागून कॉम्प्युटरवर तीन रंगांत वेळापत्रक तयार केलं. शाळा साडेदहा ते पाच. जीपची पहिली फेरी मधल्या वाडीला, कारण ती जवळ. दुसरी वरच्यावाडीला. एप्रिलमध्ये पालकसभा घेतली, तक्ता भिंतीवर लावला आणि टाळ्यांची वाट पाहिली.

वरच्यावाडीचे धोंडूदादा उभे राहिले. "गुरुजी, कागद ब्येस हाय तुमचा. पन आमी सकाळी सातला रानात जातो. माजी नात सा वर्साची. ती धा वाजंस्तवर घरात येकटी काय करंल? आन संध्याकाळी धुक्यात ती फाट्यावर उतरली, तर तिला घरला आनायला कोन हाय? आमी पोरांना मुंबैला धाडू, नायतर घरी ठेवू. या शाळंला नाय धाडायची." वरच्यावाडीची माणसं उठली आणि चपला घालून निघून गेली. शिक्षण खात्याचे एक अधिकारी सभेला आले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, वरच्यावाडीची सतरा मुलं आली नाहीत तर पट भरत नाही. मग दुसरा शिक्षक विसरा. चारही वर्ग तुम्ही एकटे." मला दुसऱ्या शिक्षकाची काळजी होतीच. पण मुंबईला धाडतील ते मुलगे आणि घरी ठेवतील त्या मुली, हे मला न सांगता कळत होतं.

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने जाऊन आत्यांना सांगितलं. त्या आल्या, तक्ता टेबलावर पसरून चष्मा लावून वाचला. मग विचारलं, "हे वेळापत्रक जीपचं आहे की पोरांचं?"

"मुलांचंच की."

"मग यात पोर कुठे आहे? फाट्यापर्यंत पंधरा मिनिटं लिहिलीत. ती तुमच्या पायाने. सहा वर्षांच्या पायाने किती लागतात?"

ते मोजायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, म्हणजे माझ्या घड्याळात सात वाजून चार मिनिटं झाली असताना, आम्ही वरच्यावाडीला निघालो.

वाडीत शिरलो तर एकही मूल दिसेना. अंगणात पडलेली लगोरी, अर्धवट खाल्लेली भाकरी, आणि सगळीकडे चिडीचूप. "सिस्टर आल्या!" अशी बातमी आमच्या आधी पोचली होती. ज्या हातांनी गावातल्या प्रत्येक दंडात सुई टोचली ते हात पिशवी घेऊन येताना पाहिल्यावर कोण थांबेल? दोघं कणगीमागे सापडले, तिघी खाटेखाली आणि एक जण फणसाच्या झाडावर. वर पाहून आत्या म्हणाल्या, "उतर रे. तू जन्मतानाही असाच अडून बसला होतास." पण तो काही उतरेना. मग त्यांनी अंगणाच्या मधोमध पिशवी उपडी केली. गजराचं घड्याळ, छत्री, वही, आल्याच्या वड्यांचा डबा. सुई नाही. आत्यांनी पिशवी झटकून पुन्हा एकदा सगळ्यांना आतून दाखवली. तेव्हा धोंडूदादांची नात, बारकी, सर्वांत आधी पुढे आली आणि तिने वडी घेतली.

पुढचे आठ दिवस आत्या बारकीच्या मागून चालल्या. बारकीच्या पाठीवर दप्तर, दप्तरात वजनासाठी दोन बटाटे, आणि मागे वही-पेन्सिल घेऊन साठी ओलांडलेली बाई. बारकी करवंदांच्या जाळीशी थांबली की आत्याही थांबत आणि लिहून घेत: करवंदं, अकरा मिनिटं. मी म्हटलं, "आत्या, जूनमध्ये करवंदं नसतात."

"जूनमध्ये खेकडे असतात. खेकड्यांना नऊ लावलीत."

"पण मुलांना सांगू ना, वाटेत थांबायचं नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने त्या बहुधा उकळून न घेतलेल्या सुईकडे पाहत असतील. "जावईबापू, पोर थांबणारच. जे थांबत नाही त्याला ताप असतो."

त्या आठ दिवसांत माझा तीन रंगांचा तक्ता निकालात निघाला. शाळा साडेदहाची नऊला आली, आणि सुटायची वेळ साडेतीन, म्हणजे उजेड असताना पोरं घरात. जीपची पहिली फेरी सगळ्यांत लांबच्या वरच्यावाडीला, आईबाप रानात निघायच्या वेळी. लवकर पोचणाऱ्यांना शाळेत गरम नाचणीची आंबील. आणि फाटे सगळे रद्द. "थांबा म्हणजे फाटा नव्हे," आत्या म्हणाल्या. "थांबा म्हणजे घराची ओटी. जिथे कुणी म्हातारं माणूस दिवसभर बसलेलं असतं ते घर शोधा. पोरं तिथे चढतील, तिथेच उतरतील." अशी पाच घरं त्यांनी हेरली. त्यातल्या एका आजोबांना दिसत नव्हतं. मी शंका काढली तर म्हणाल्या, "ऐकू येतं ना? पोरं ऐकूच येतात." अधिकाऱ्यांकडून बदललेल्या वेळेची मंजुरीही त्यांनीच आणली. कशी, ते मला ठाऊक नाही. साहेब मूळचे इथलेच, एवढंच ठाऊक आहे.

उरला जीपवाला सखाराम. हा माणूस जीप गच्च भरेपर्यंत हलत नसे, आणि "येतो पाच मिनिटांत" म्हणाला की लोक घरी जाऊन जेवून येत. आत्यांनी त्याला पोलादपूरच्या नाक्यावर, दहा माणसांदेखत गाठलं. "सखाराम, तुझ्या आईला तू नऊ दिवस वाट बघायला लावलेलं मी पाहिलंय. तारीख उलटून गेली तरी तुझा पत्ता नाही. जन्मापासूनचा उशीर हा. आता पुरे." नाका हसला. सखाराम लाजला, डोकं खाजवत म्हणाला, "सिस्टर, आता नाय व्हायाचा." आणि खरोखर नाही झाला.

एवढं सगळं ऐकून धोंडूदादा फक्त म्हणाले, "बघू. पयल्या दिशी कळंल."

पहिल्या दिवशी डोंगर धुक्यात गडप होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आठ चाळीसला ते अधिकारी आले. खालच्या दोन वाड्या हजर होत्या. मधल्या वाडीची मुलंही जीपची वाट न पाहता मोठ्या माणसांबरोबर चालत आली होती. मुलं ओल्या टोप्या पिळत होती. जीप आली नव्हती. वरच्यावाडीची फेरी आठलाच पोचायची होती. फोनला रेंज नव्हती. आत्या त्या दिवशी पहाटेच वर गेल्या होत्या, जीपमध्ये पुढे बसून यायला. आठ पन्नास झाले. आंबील निवत चालली. अधिकारी हजेरीपत्रकाचं कोरं पान उघडून बसले होते. ते मनाने वाईट नव्हते. हळूच म्हणाले, "गुरुजी, प्रयत्न केलात तुम्ही." त्यांच्या बोलण्यातला तो भूतकाळ मला सोसेना. मी छत्री न घेता फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मनात एकच विचार, घाटात सतरा पोरं आणि एक म्हातारी.

आणि धुक्यातून आवाज आला. रस्त्याकडून नाही, शाळेच्या मागून, जंगलातून. "बे एके बे! बे दुणे चार!"

मी धावत मागे गेलो. पायवाटेवरून आत्या उतरत होत्या. साडीचा काष्टा मारलेला, डाव्या हातात छत्री, उजव्या हातात गुरं बांधायचा लांब दोर. त्या दोराला हात-हातभर अंतरावर गाठी मारलेल्या, आणि एकेका गाठीला एकेक मूल धरून, बेंबीच्या देठापासून ओरडत पाढे म्हणत. मागे सखाराम, दोन्ही खांद्यांना दप्तरं लटकवलेला. त्याच्या मागे वरच्यावाडीची सात-आठ माणसं. आणि सर्वांत शेवटी धोंडूदादा, खांद्यावर बारकीला घेऊन. वळणावर माती घसरून रस्ता अडला होता. जीप पुढे जाईना म्हटल्यावर आत्यांनी सखारामला वाडीत माणसं बोलवायला पिटाळलं होतं, आणि लशींची पेटी घेऊन बत्तीस वर्षं ज्या वाटेने त्या चढल्या-उतरल्या त्या वाटेने शाळा खाली आणली होती.

मी मोजत होतो. मोजताना दोनदा चुकलो. बारकीला धरून सतरा.

आत्यांनी पदराचं घड्याळ उचलून पाहिलं आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "दोन मिनिटं आहेत. तोवर पाय धुतील."

"माझ्यात नऊ वाजून गेले, बाई," अधिकारी हसत म्हणाले.

"तुमचं पुढे आहे. लावून घ्या."

त्यांनी खरंच लावून घेतलं. मुलांनी पाय धुतले. धोंडूदादांनी बारकीला वर उचललं आणि तिने घंटेचा टोल दिला, एक नाही, चांगले वीस-पंचवीस. कुणी तिला थांबवलं नाही. खालच्या वाड्यांच्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या, सखाराम शिट्टी मारायला लागला. हजेरीपत्रक उघडलेलंच होतं, म्हणून हजेरी अधिकाऱ्यांनीच घेतली. गैरहजर कुणीच नव्हतं. धोंडूदादा निघताना आत्यांसमोर उभे राहिले. "सिस्टर, उद्याबी हीच येळ ना?" एवढंच विचारलं. आत्या म्हणाल्या, "हीच." दिवाळीच्या आत दुसऱ्या शिक्षिका रुजू झाल्या. शेजारच्या खोऱ्यातले दोन मुख्याध्यापक वही उतरवून घ्यायला आले. आणि 'खेकडे – ९ मिनिटं' ही ओळ त्यांनीही तशीच्या तशी उतरवून नेली.

त्याला चार वर्षं होतील. त्या वर्षी पहिलीत आलेली मुलं या एप्रिलमध्ये चौथी पास होऊन निघाली. निरोपसमारंभाला मी आत्यांना घेऊन गेलो. गुडघ्यांमुळे आता त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. दोन मुलींनी हात धरून त्यांना वर नेलं. भाषण करा म्हटलं तर नको म्हणाल्या, मागच्या बाकावर बसून राहिल्या. बारकीने कविता म्हटली, मध्येच विसरली आणि हसली. मुलांनी झाडं लावली, लाडू खाल्ले, एकमेकांच्या वह्यांत नावं लिहिली. सगळं आटोपून जीप शेवटच्या फेरीला गेली आणि मैदान रिकामं झालं, तेव्हा कुठे आम्ही निघालो.

गाडीत आत्या गुडघे चोळत होत्या. मी विचारलं, "दमलात का?"

"नाही." मग मनगटावरच्या घड्याळाकडे न पाहता, बाहेर बघत म्हणाल्या, "जावईबापू, किती वाजले हो?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "वेळ कसा गेला ते कळलंच नाही मला," म्हणाल्या, आणि काचेला डोकं टेकून झोपी गेल्या.

कापड्याच्या अलीकडचा रस्ता आता गुळगुळीत झालाय. तरी मी गाडी हळूच चालवली.