पायलटने मागे घ्यायला लावलेली नोटीस

छापील अर्ज भरण्यापूर्वी त्याच्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली, आणि ती आमच्या सोसायटीत मासळी पोचवायला येत असे. माझी सारी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या विधी शाखेत गेली. तेव्हा हे विधान मी जबाबदारीने करीत आहे.

सीवूड्सच्या बाजारात तिची आई मासळी विकायला बसे. कॉलेजला जाण्यापूर्वी ही मुलगी स्कूटरवरून घरोघरी पापलेट, बांगडे देऊन येई. वायुदलात वैमानिक अधिकारी होण्यासाठी ती अर्ज करणार, हे कळताच आमच्या सुशिक्षित सभासदांनी तिचे नाव 'पायलट' ठेवले. गेटवर कोणी तरी हमखास विचारी, "काय पायलट, आज सुरमई लँड झाली का?" या कुचेष्टेविरुद्ध मी सचिवांना दोन पत्रे लिहिली. दोन्ही आजतागायत अनुत्तरित आहेत. तिला मात्र त्याचा राग नव्हता. म्हणायची, "मारू द्या हाक, काका. आतापासून सवय होतेय."

भरतीच्या जाहिरातीची छापील प्रत घेऊन ती माझ्याकडे येई. प्रत्येक अटीखाली पेन्सिलीची रेघ आणि समासात तिचा प्रश्न. मला उत्तर येत नसे तेव्हा मी आवाज चढवीत असे. ती शांतपणे पुढच्या रेघेकडे वळे.

लेखी परीक्षा ती पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली. आता निवड मंडळापुढे जायचे होते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असल्यामुळे, मागचा एकही विषय राहिलेला नाही, असे प्राचार्यांच्या सहीचे प्रमाणपत्र सोबत हवे होते. कॉलेजच्या कारकुनाने तिला चार खेपा घालायला लावल्या. हे ऐकताच मी, तिला न विचारता, प्राचार्यांना सात कलमी नोटीस धाडली; एक प्रत विद्यापीठाला, एक मंत्रालयाला. प्राचार्यांनी ती नोटीस कॉलेजच्या वकिलाकडे सोपवली आणि त्याचा अभिप्राय येईपर्यंत या विद्यार्थिनीच्या कोणत्याही कागदावर सही होणार नाही, असे फर्मान काढले. मंडळापुढे हजर व्हायला नऊ दिवस उरले होते.

ती दारात उभी राहिली. तिने मला चार शब्द सुनावले असते तर मी ते निमूटपणे ऐकून घेतले असते. ती एवढेच म्हणाली, "कागद तुमचा बरोबर हाय, काका. पन सही करनारा मानूस घाबरला ना. आता दोन ओळी लिवा, नोटीस मागं घेतली म्हनून."

मी सांगितले, की मी आजवर एकही पत्र मागे घेतलेले नाही.

"मंग आज घ्या," ती म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत बसली. त्या दोन ओळींखाली माझी सही होईपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी ते पत्र तिने स्वतः नेऊन प्राचार्यांच्या हातात दिले आणि दुपारी प्रमाणपत्र घेऊन आली.

निघण्याआधी तिने मला आणखी एक नियम दाखवला. वैमानिक होण्याची क्षमता तपासणारी संगणकावरची चाचणी उमेदवाराला आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर वैमानिक होण्याचा मार्ग कायमचा बंद. माझा संताप अनावर झाला. खुनाच्या आरोपीलाही या देशात अपील आहे! मी तत्काळ संरक्षण मंत्रालयाला निवेदन लिहायला घेतले. तिने कागदावर हात ठेवला. "काका, वर गेल्यावर इंजिन बंद पडलं, तर अपील कोनाकडं करायचं? नियम बरोबर हाय." ते निवेदन मी माझ्या हाताने फाडले.

मंडळापुढे पाच दिवसांच्या मुलाखती झाल्या. संगणकावरची ती चाचणी ती उत्तीर्ण झाली, वैद्यकीय तपासणी झाली, गुणवत्ता यादीत नाव लागले आणि अकादमीत रुजू होण्याचे पत्र आले. ती निघाली त्या सकाळी तिची आई बाजारात गेली नाही. मुलीची गाडी वळणाआड गेल्यावर आई माझ्याकडे आली.

"दादा, तुमी कायदा जानता. पोरगी परत कवा येल, ते सरकारकडनं लिवून मागता येल का?"

मी बराच विचार केला. "नाही, ताई. तसा अर्ज करता येत नाही."

तिने पदराने तोंड पुसले आणि ताठ उभी राहिली.

"मंग ऱ्हाऊ द्या. त्यांना फक्त येवढंच लिवा, विमान नीट ठेवा म्हनून. चालवायचं ती बघून घेल."