चुना-गेरूचा उतार

मी फौजेच्या इंजिनिअर कंपनीत हवालदार होतो. पोस्टिंग उत्तर सीमेवर. रोज सकाळी सहाला रोड ओपनिंग. डिटेक्टर घेऊन एक जण पुढे, बाकीचे मागे. वाटेत सुरुंग नाही याची खात्री झाली की गाड्या सुटायच्या. नायक वसंता माझ्याच सेक्शनचा. मी नागभीडचा, तो गडचिरोलीजवळचा, त्यामुळे आमचं गूळपीठ होतं.

त्या दिवशी पुढे चालायची पाळी माझी होती. मला ताप होता. वसंता म्हणाला, "उस्ताद, तुमी मागं ऱ्हा. मी जातो."

सहा चाळीसला स्फोट झाला. वायरलेस सेटवर मी एवढंच बोललो, "माइन ब्लास्ट. एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर." वसंताचे दोन्ही पाय गुडघ्यापासून गेले. जीव वाचला.

रिटायर झाल्यावर मी त्याच्या गावी गेलो. व्हीलचेअर पडवीत धूळ खात पडली होती. ओट्याला तीन पायऱ्या, त्यामुळे त्याला बाहेर न्यायचं तर बायको सुशीला आणि शेजारी उचलून नेत. घरात सोयी करायला सैनिक कल्याण कार्यालयाकडून मदत मंजूर झाली होती, पण काम करणारं कोणी मिळत नव्हतं. मी म्हणालो, हे माझं काम. तेवढंच मनावरचं ओझं कमी होईल, असं वाटलं.

दोन उतार करायचे ठरले. एक समोर ओट्याला, एक मागे, संडासाकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या जागी.

"उस्ताद, आधी मागचं करा," वसंता म्हणाला. "समोरून मले कुठी जायाचं हाये? मागं मी दिवसातून चारदा जातो, हातावर घसटत."

पण सोमवारी त्या कार्यालयाचे साहेब पाहणीला येणार होते. फौजेत पाहणी म्हटली की चुना-गेरू. साहेब ज्या वाटेने येणार ती वाट आधी चकाचक करायची, हे वीस वर्षांत माझ्या अंगात मुरलं होतं. मी समोरचा उतार केला, एकदम कडक. पाइपचा कठडा, कडांना गेरू, वर चुन्याची सरळ रेघ.

साहेब आले, चहा प्याले, फोटो काढला. "सगळं झालं ना?" त्यांनी विचारलं.

माझ्या टाचा आपोआप जुळल्या. "ऑल ओके, सर."

वसंताने माझ्याकडे पाहिलं. साहेबांसमोर उस्तादाला खोटं पाडायचं नाही, एवढी शिस्त त्याच्यात शिल्लक होती. माझ्यात लाजही शिल्लक नव्हती.

निघताना मी म्हणालो, "रोवणा आटोपला की मागचं करतो." माझ्या बांधीत धानाची रोपं लावायची खोळंबली होती.

"बरं," तो म्हणाला. "पाणी आलं का ते दगड लई घसरते, तेवढं ध्यानात ठेवा."

रोवणा बारा दिवस चालला. तेराव्या दिवशी सकाळी सातला सुशीलाचा फोन आला. "भाऊ, हे मागच्या पायरीवरून पडले. डोक्याले लागलं. बोलून नाई राह्यले."

गडचिरोलीच्या दवाखान्यात मी साडेदहाला पोचलो. तो दहालाच गेला होता.

तिरडी समोरच्या उतारावरून उतरवली. चुना अजून पांढरा होता. मागून कोणीतरी म्हणालं, "रॅम्प बेस झाला. खांदा देणाऱ्याले तरास नाई." मी पुढचा खांदा देत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पहार घेऊन मी मागच्या पायऱ्या उखडायला बसलो. सुशीला दारात येऊन उभी राहिली.

"आता कोणासाठी करून राह्यले, भाऊ?"

संध्याकाळपर्यंत उतार पुरा केला. त्याला चुना लावला नाही.

कंपनीच्या शहिदांच्या फलकावर नायक वसंताचं नाव नाही. तो सीमेवर नाही, स्वतःच्या घराच्या पायरीवर पडला. दोन्ही वेळेला पाळी माझी होती.