हेरल्ड एकटी पडली तेव्हा

ब्रेकचं तेल गळत होतं म्हणून मी रेसला आलेली एक मारुती बाद केली आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. छोट्या गाड्यांच्या क्लासला सकाळपासून दोनच गाड्या आल्या होत्या. आता उरली एक.

एरवी मी विम्यासाठी ठोकलेल्या गाड्यांचा सर्व्हे करायचो. राहायला मुलुंडला. रविवारी क्लबच्या रेसला स्क्रूटिनी करायचो, म्हणजे गाडी पळवण्यालायक आहे का ते तपासायचं. ग्रुप पाडणंही माझ्याच गळ्यात. इंजिन केवढं त्यावरून क्लास ठरतो आणि एकत्र सुटणाऱ्या गाड्यांचा होतो ग्रुप. लहान आणि मोठ्या गाड्या शक्यतो मिसळत नाहीत. वेगातला फरकच घात करतो.

उरलेली गाडी म्हणजे जुनी हेरल्ड, सुलभा परब यांची. जोगेश्वरीच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या. नवरा-बायकोने वर्षभर खपून चाळीच्या अंगणात ही गाडी उभी केली होती. दिंडोशीच्या त्या मुरमाड मैदानावर अर्धी चाळ डबे घेऊन आली होती.

"सर, एकटी गाडी म्हणजे क्लास रद्द ना?" त्यांनीच विचारलं.

"रद्द."

"मग मला मोठ्या क्लासच्या फियाटबरोबर सोडा. कप नको. पण गाडी पळवल्याशिवाय मी घरी जाणार नाय."

रेसचे प्रमुख सबनीस साहेब. मी त्यांच्याकडे गेलो, तर फियाटवाला मेहता आधीच तिथे उभा.

"साहेब, धुळीत ती बाई मध्ये आली तर दिसणार काय मला? तिची पण वाट, माझी पण वाट."

सबनीस माझ्याकडे वळले. "गाडी तू तपासलीस. सोडू की नको?"

गाडी ठणठणीत होती. बाईंची मला खात्री नव्हती. तरी हो म्हणालो.

हेरल्ड सगळ्यांच्या मागे लावली. "मागून फियाट आल्या की वाट द्या," मी बजावलं.

"देईन. पण कुठे ते मी ठरवीन."

झेंडा पडला. थोड्याच वेळात फियाटचा घोळका एक फेरी पुढे जाऊन हेरल्डच्या मागे आला. वळण, धूळ, आणि मध्ये ती. वळणाच्या अलीकडे खिडकीतून हात बाहेर आला, 'जा पुढे'. हात आत गेला. मग शिलाई मशिनखाली कापड सरकावं तशी हेरल्ड आपल्या रेघेवरून सरकत राहिली. ना ब्रेक, ना हिसका. फियाट एकामागून एक शेजारून सुटल्या. फियाट पुन्हा मागे आल्या तेव्हाही तीच जागा, तोच हात, तीच रेघ. मागच्याला ती कुठे असेल हे आधीच ठाऊक. इतकं देखणं ड्रायव्हिंग मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही शेवटच्या नंबरावर. सबनीस घड्याळ बघायचं विसरले.

ठोकलेली गाडी पाहून ड्रायव्हर कुठे घाबरला ते मी सांगू शकतो. रेस संपल्यावर मी हेरल्डभोवती फिरलो, मग सगळ्या फियाटभोवती. धुळीखेरीज काही नव्हतं.

कप अर्थात मिळाला नाही. बाईंनी चाळकऱ्यांबरोबर तिथेच डबा उघडला आणि मलाही वडे दिले.

पुढच्या रेसला छोट्या क्लासला भरपूर गाड्या आल्या. नियमाप्रमाणे हेरल्ड त्यांच्यात टाकली. मेहता तक्रार घेऊन हजर.

"परबबाई आमच्या ग्रुपमध्ये का नाहीत? त्यांच्या बाजूने जाताना मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढत नाय."

"क्लास इंजिनावरून ठरतो," मी म्हणालो. अजूनही तसाच ठरतो. ड्रायव्हर मोजायचं माप कोणी काढलेलं नाही.