एका इंजिनाची वाट

जुन्या जालन्यात चादरी बघत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. दिल्लीहून वहिनी. "वन्सं, हे गेले..." त्याला आता महिना होत आला. पण खरं सांगू? दत्तादादा आठवला की रडू नंतर येतं, आधी अंगात वारं शिरतं. काय माणूस होता!

वडीगोद्रीचा हा माझा थोरला भाऊ एका विमान कंपनीत डोंगरांवरून जाणाऱ्या विमानांच्या वाटा आखायचा. सुट्टीत आला की खळ्यावरच्या बाजरीच्या राशी म्हणजे डोंगर आणि काड्यापेटी म्हणजे विमान. "सुमे, एक इंजन गेलं म्हणून विमान दगडासारखं पडत न्हाई. हळूहळू खाली येतं अन् मंग खालच्या हवेत तग धरतं. पण त्याच्या आधी डोंगर आडवा आला तं?" की काड्यापेटी दोन राशींच्या मधून सुळकन पार! आई ओरडायची, "आधी चप्पल काढ मेल्या, लक्ष्मी आहे ती!"

लेहच्या वाटेवरून त्याचं साहेबांशी वाजलं. ते म्हणत, इंजिन गेलं तर आल्या वाटेनं मागे फिरायचं. दादा म्हणे, एका इंजिनावर मागची खिंड पार होणार नाही, डावीकडच्या दरीतूनच काढा. "असं कधी होतंय का?" म्हणून सगळे हसले. पण गडी हटला नाही. भांडभांड भांडला आणि दरीची वाट मंजूर करून घेतली.

मग एका उन्हाळ्यात मला लेह दाखवायला घेऊन निघाला. खाली नुसते बर्फाचे सुळके... आणि धाडकन आवाज! विमान थरथरलं. एक इंजिन बंद पडलंय, आपण दिल्लीला परत चाललोय, असं वैमानिकानं सांगितलं. लोक देवाचा धावा करायला लागले. दादाचे डोळे खिडकीला चिकटलेले.

"आता डावीकडं वळंल बघ."

विमान खाली खाली चाललेलं, सुळके जवळ येत होते. वळेचना!

"दादा, चुकलं का रे तुझं?"

"चुकलं असंल तं तुझा जीव माझ्यापायी गेला, सुमे..."

आणि विमान डावीकडे कललं. काळा कडा बाजूनं मागे गेला आणि समोर ही भली मोठी दरी!

"निघालं गं! बराबर निघालं!" दादा लहान पोरासारखा ओरडला.

दिल्लीला उतरल्यावर सगळ्यांनी वैमानिकासाठी टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात दादानं. मी उठून सांगणार, "अहो, ही वाट..." तर ह्यानं पदर धरून खाली ओढलं. "बस गुमान. विमान त्यानं उतरवलं."

तेव्हा बसले. आता पदर ओढायला कोण आहे? ऐका हो सगळे, ती वाट माझ्या दादानं आखली होती!