दत्तूच्या शेजारचं पान

शेवंताकाकी शिवी घातल्याशिवाय कुणाला वाढत नसे. मुलुंडच्या एका चाळीत तळमजल्यावर तिची खानावळ होती आणि आसपासच्या कारखान्यांतले आम्ही सडेफटिंग तिथे दोन्ही वेळा जेवायचो. पाटावर बसून कुणी युनियनवरून हमरीतुमरीवर आला, की काकी भाताचा डाव उगारायची. "आदी जेव, मेल्या! मगे भांड." जेवून हात धुवेपर्यंत भांडणातला जोर गेलेला असायचा.

नवरा तिला टाकून कधीच निघून गेला होता. एकुलता एक मुलगा दत्तू फौजेत गेला आणि पासष्टच्या लढाईत मारला गेला. त्यानंतरच्या सर्वपित्री अमावास्येला तिने मागच्या ओट्यावर केळीची दोन पानं मांडली. दोन्हींवर सारखेच वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि खीर. एक दत्तूचं हे कळलं. दुसरं कुणाचं, म्हणून मी विचारलं.

"दत्तून ज्येका मारल्यान, तेचा," ती म्हणाली.

मी डोळे विस्फारून तिच्याकडे पाहिलं. त्यावर तीच उसळली. "असो बघतंस काय? माझो झील थंय बंदूक घेऊन गेल्लो, लाटणा घेऊन न्हय. तेना पण कोणाक तरी मारल्यान आसतलाच. तेका कोण वाढतला?"

"पण काकी, त्यांच्यात असं पान मांडत नाहीत."

"तेंच्यात भूक नसता रे?"

दरवर्षी ती दोन पानं मांडू लागली. एकदा कावळा आधी दुसऱ्या पानावर उतरला, तेव्हा चाळीत कुजबुज झाली. काकी म्हणाली, तो पोरगा जास्त भुकेला असेल, लांबून आलाय. लोक तिला वेडी समजत आणि तिचं जेवण चापून खात.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले. जेवताना रेडिओवर शत्रूचे किती पडले हे ऐकून पंगतीत टाळ्या पडल्या, तशी काकीने रेडिओचा कान पिळला. "कोनाची तरी पोरां मेली, आनि तुमका हात वाजवूक व्हये? उष्ट्या हातान?" त्या दिवशी तिने कुणालाच दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

पुढच्या सर्वपित्रीला चाळीच्या नवरात्र मंडळाचा सेक्रेटरी मधू आला. याच खानावळीत जेवून मोठा झालेला. दुसऱ्या दिवशी नवरात्राच्या स्टेजवर काकीचा वीरमाता म्हणून सत्कार ठरला होता. तो म्हणाला, "काकी, या वर्षी ते दुसरं पान नको ना. लोक भडकलेत."

"माझो दत्तू गेलो, तेचे पेढे वाटतलास? भायर नीघ!"

मधू बाहेर गेला तो मागच्या ओट्याकडे वळला आणि दुसरं पान त्याने लाथेने गटारात उडवलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आज लिहितानाही माझं डोकं फिरतं. मुलगा गमावलेल्या बाईला देशप्रेम शिकवणाऱ्या या माणसाने आयुष्यात कधी लढाई पाहिली नव्हती. मी त्याच्या अंगावर धावलो, तर काकीनेच मला मागे खेचलं. ती आत गेली, नवं पान पुसून आणलं, पुन्हा वाढलं.  रडत नव्हती, शिव्या देत होती.

त्यानंतर मंडळाने फतवा काढला, हिच्याकडे कुणी जेवायचं नाही. पंगत ओस पडली. मी आणि दोघंतिघं उरलो. दुसरं पान बंद केलं असतं तर खानावळ वाचली असती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने खानावळ जाऊ दिली. पुढे चार घरची पोळीभाजी करून दिवस काढले आणि एका उन्हाळ्यात साध्या तापाने गेली.

गेल्याबरोबर ती पुन्हा वीरमाता झाली. नाक्यावर फोटोसकट फलक लागला. ज्यांनी तिची चूल विझवली, त्यांच्याच नावांनी तो खालून भरलेला होता. निर्लज्ज!

तिच्यामागे पान मांडणारं कुणी नव्हतं. सर्वपित्रीला मी त्याच ओट्यावर तीन पानं मांडली, तिन्हींवर सारखंच वाढलं. मधू हार घेऊन आला. दुसऱ्या दिवशी स्टेजवर जाण्याआधी त्याला वीरमातेच्या पानाला हात जोडायचे होते. त्याने तिन्ही पानांवरून नजर फिरवली.

"यातलं काकीचं कुठलं रे?"

"तूच ओळख," मी म्हणालो. "आणि मग उरलेल्यांतलं कुठलं लाथाडायचं तेही तूच ठरव."

तो हार हातात धरून तसाच उभा राहिला.