लाल बटण

"हात मांगं बांधा, मास्तर."

गुन्ह्याच्या जागी पाऊल टाकण्याआधी हवालदार हे म्हणायचे आणि आधी स्वतःचे हात पाठीमागे बांधायचे. कामरगावात पंच लागला की शाळेतून मलाच उचलून न्यायचे, कारण माझं अक्षर चांगलं होतं. हवालदारांसारखी नियमाला चिकटून राहणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोंबडीचोरीच्या तपासात त्यांनी मला एकेका पिसाचा रंग लिहायला लावला होता. चोर तेवढ्यात शेजारच्या घरात रस्सा ओरपत होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याचा सकाळी दुकानातच खून झाला. रक्ताने माखलेल्या पेचकसावर किसन मिस्त्रीच्या बोटांचे ठसे निघणारच होते. तो तिथेच कामाला होता. लोकांनी त्याला आधीच खांबाला बांधलं होतं, आणि त्याची बायको लेकरू घेऊन दुकानाच्या दारात बसली होती.

टेबलावर टेपरेकॉर्डर होता. मालक तो तपासत असताना झालेलं भांडण त्यात भरलं गेलं होतं. मालकाला शिव्या देणारा घोगरा आवाज आम्ही दोघांनी ऐकला. किसन तर तोतरा. "सुटला गडी," हवालदार म्हणाले. पुन्हा ऐकायला त्यांनी टेप मागे घेतली. दोन बटणं दाबली तर आवाज मोठा येईल, असं वाटून शेजारचं लाल बटणही दाबलं.

काहीच ऐकू येईना. पुन्हा मागे नेऊन लावली, तेव्हा टेपमधून हवालदारांचाच आवाज आला, "चूप ऱ्हा मास्तर, आता नीट आयका."

ते खालीच बसले. निवृत्तीला आठ महिने उरले होते. दार लोटलेलं, बाहेर गर्दी, आणि आत आम्ही दोघे पिंजऱ्यातल्या उंदरांसारखे. टेप कोरीच होती असं लिहू, मी हळूच म्हणालो, कोणाला कळतंय?

"अन् किसनले कोन सोडवीन?"

मग ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. आवाज ऐकला, तो किसनचा नव्हता, आणि तो माझ्या, म्हणजे हवालदाराच्या, हातून पुसला गेला. माझं ते चांगलं अक्षर या ओळीत पार वाकडं झालं.

किसन सुटला. घोगऱ्या आवाजाचा माणूस सापडला नाही. हवालदार निलंबित झाले आणि मंगरूळपीरच्या बसने निघून गेले, पुन्हा दिसले नाहीत.

किसनच्या खटल्यात कोर्टात वकिलाने मला विचारलं, तिथे जे झालं ते सगळं पंचनाम्यात आहे का? मी हो म्हणालो. अजून लाज वाटते. स्वतःची चूक हवालदारांनी सहीनिशी लिहवून घेतली होती. टेप कोरी लिहू म्हणालो, ती माझी तेवढी गाळली होती.